कोरडी निब

रविनाने कागदावर 'ग्रामीण समाजातील बदल' असं लिहिलं आणि पाहिलं, तर उभ्या रेघा उमटल्या होत्या, आडव्या नव्हत्या. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सगळीकडून गायब. मराठी लिहायला बसलेल्या बाईच्या हातून गुजराती उतरल्यासारखं दिसत होतं. तिने तीच ओळ पुन्हा गिरवली. निब खर्र खर्र करत पुढे सरकली, मधेच कागदाचा एक बारीक तंतू उचलून घेतला, आणि त्यानंतर उभ्या रेघाही यायच्या थांबल्या.

"आता तर काहीच येत नाय," ती म्हणाली.

अंगणवाडीतली मुलं जेवून घरी गेली होती. मदतनीस फागी ताटल्या धुऊन पालथ्या घालत होती. तिने हात पदराला पुसले, "आण इकडं," म्हणत पेन घेतलं आणि थर्मामीटर झटकावा तसं दोनदा जोरात झटकलं. शाई आली. ती कागदावर मात्र आली नाही. समोरच्या भिंतीवर रंगवलेल्या केळ्यांच्या घडावर निळे शिंतोडे उडाले.

"बघ, शाई हाय त्यात," फागी समाधानाने म्हणाली.

शाई आहे हे रविनालाही ठाऊक होतं. सकाळी तिनेच ड्रॉपरने टाकी भरली होती. तिने ओलं फडकं घेतलं आणि केळी पुसायला लागली. शिंतोडे पसरून केळी हिरवट झाली.

हे पेन तिच्या गळ्यात पडलं ते अंगठ्यामुळे. भाद्रपदात मुलांची वजनं घ्यायला काटा घेऊन खालच्या पाड्यावर जाताना ती शेताच्या बांधावरून घसरली. काटा तिने छातीशी धरून ठेवला म्हणून वाचला. उजवा अंगठा मात्र दगडावर आपटला आणि मुळाशी मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा जागेवर होता, पण त्यात जीव नव्हता. नागलीची भाकर थापता यायची, हंडा उचलता यायचा, पण चिमटीत काही धरून दाबायचं म्हटलं की अशी कळ निघायची, पार कोपरापर्यंत जायची. बॉलपेनने अर्धं पान लिहिलं की बोटं आखडून वाकडी व्हायची.

एरवी तिचं फारसं अडलं नसतं. अंगणवाडीच्या साऱ्या नोंदी आता मोबाईलवर असतात, त्या डाव्या अंगठ्यानेही होतात. पण शिमगा झाला की बीएच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. लग्नामुळे मधेच सुटलेलं कॉलेज तिने बाहेरून पुन्हा धरलं होतं. पदवी हाती आली तर अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. तिच्या गावी, वांगणीला, येणाऱ्या मुख्य सेविका बाहेरगावच्या असायच्या. गाडीतून उतरायच्या, खुर्चीवर टेकायच्या, परतीच्या रस्त्याची चौकशी करायच्या. पावसाळ्यात तर यायच्याच नाहीत. आपल्याच भागातली, हे पाडे पायाखाली घातलेली बाई त्या जागेवर का नसावी, हे रविनाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

लेखनिक मिळाला असता. फागीने सुचवलंही होतं. पण आपण सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हे रविनाला पटेना. लिहिता लिहिताच तिला सुचायचं. तोंडाने सांगायला गेली की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मग जव्हारच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बॉलपेन दाबावं लागतं, म्हणून दुखतं. शाईचं पेन वापरा. ते दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की चालतं."

नुसतं टेकवलं की चालतं! त्या बाईंना एकदा वांगणीला आणून हे पेन टेकवायला लावावं, असं रविनाच्या रोज मनात यायचं. टेकवून चालत नाही म्हणून दाबायचं, दाबलं की अंगठा ठणकायचा, ठणकला की हात थरथरायचा आणि निब कागद फाडायची. बॉलपेनपेक्षा जास्त जोर ह्यालाच लागत होता.

जव्हारच्या बाजारात शाईचं पेन कुणाकडे मिळालं नव्हतं. मोखाड्याला चंदूच्या दुकानात बघा, असं कुणीतरी सांगितलं आणि तिथे ते मिळालं. आता तिथेच जाऊन जाब विचारायचा म्हणून बाजाराच्या दिवशी रविना निघाली. वांगणीहून जीपने जव्हार, जव्हारहून एसटीने मोखाडा. उन्हं तापली होती आणि जीपमध्ये तिच्या मांडीवर दुसऱ्याचीच कोंबडी होती.

चंदू दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यांमागे बसला होता. तिने पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"चंदूभाऊ, हे लिहीत नाय."

"असं होणार नाही ताई." त्याने टोपण काढलं, शेजारच्या बाटलीत निब बुडवली आणि जुन्या पावतीच्या पाठीवर स्वतःचं नाव ऐटीत लिहिलं. खाली एक वेलबुट्टीही काढली. "बघा. पाण्यासारखं चालतंय."

"बुडवून लिहिलं तर काडीसुद्धा चालेल. टाकीतली शाई खाली येत नाय, ते सांगतेय मी."

"नवीन आहे ना. नव्या चपलेला कसा पायाला बसायला वेळ लागतो, तसं निबचं असतं. हाताला बसायला पाहिजे."

"किती वेळ लागतो?"

"रोज लिहीत राहा. वर्षभरात असं मऊ होईल, तुम्हीच सांगाल."

"माझी परीक्षा पुढच्या पंधरवड्यात हाय."

चंदूने सहानुभूतीने मान हलवली. "मग ताई, परीक्षेला तुम्ही बॉलपेन का नाही घेत?"

रविनाने पेन उचललं, पिशवीत टाकलं आणि दुकानाची पायरी उतरली. आणखी एक शब्द बोलली असती, तर तो मोखाड्याच्या भर बाजारात चार लोकांनी ऐकला असता.

घरी आली तर सासू, पुतळी, चुलीपुढे बसून वरईचा भात उतरवत होती. तिने सुनेचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय झाला गं? पेन बदलून दिला का?"

"नाय दिला."

"मग चुलीशी ठेव थोडा. थंडीनं गोठला असंल आत."

"आई, शिमगा आलाय. थंडी कुठली?"

"मग उन्हानं आटला असंल," पुतळी म्हणाली आणि भाताकडे वळली. दोन्हीकडून तिचं बरोबरच होतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी कमलेश आला. रविनाचा नवरा ठाण्याला एका मुकादमाच्या हाताखाली पाइप फिटिंगचं काम करायचा. इमारतींच्या न्हाण्या, टाक्या, चढत्या-उतरत्या पाइपलाइनी. पाणी कुठे अडलं असेल हे तो भिंतीला कान लावून सांगतो, अशी त्याची ख्याती होती, निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा. पिशवी खाली ठेवायच्या आत त्याला पेनाची हकीकत कळली, कारण पुतळीने दारातच सांगितली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "चोकअप झालाय. प्रेशर नाय त्याला. आण, अब्भी करतो."

"तू हात नको लावूस," रविना म्हणाली.

"अगं, पाण्याची लाइन काय आणि शाईची लाइन काय. वरून खाली यायचं, एवढंच काम हाय."

रविना पाणी आणायला गेली होती तेवढ्यात त्याने निब तोंडात धरून शाई ओढून पाहिली. ती परत आली तेव्हा त्याचे ओठ, दात आणि हनुवटी निळी झाली होती. सणाचे दिवस असल्यामुळे पाड्यावर कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मग त्याने तर्क केला की शाई जाड असेल, आणि टाकीत थोडं पाणी घातलं. पेन चाललं. पण अक्षरं इतकी फिक्की आली की कागद उजेडात तिरका धरावा तेव्हा दिसत.

"चालतंय का नाय?" तो म्हणाला.

"तपासणाऱ्यानं काय चाचपून वाचायचं?"

"गडद पाहिजे? गडद करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्यापुढे पेन ठेवलं तेव्हा ते खरोखर चालत होतं. रविनाने नुसतं टेकवलं आणि जांभळी, काळपट, लकाकती रेघ सरसर पुढे गेली. डोक्यावरची रेघ अखंड. वेलांट्या गोल. अंगठ्याला काही करायलाच लागेना. तिने पंचायत राज व्यवस्थेवरचं उत्तर काढलं आणि एका दमात अख्खं पान लिहिलं. लिहिताना ती हसत होती. कमलेश उंबऱ्यावर बसून तिच्याकडे पाहत होता, जणू पान तोच लिहीत होता.

मग तिने पान उलटायला हात उचलला. तळहाताखाली सगळं उत्तर पुसून निघालं. ग्रामसभा, सरपंच, वित्त आयोग, साऱ्यांचा मिळून एक जांभळा ओघळ झाला. ती थांबली, वाळायची वाट पाहिली, पुन्हा बोट लावलं. शाई ओलीच. जेवण होऊन आली तरी ओलीच. आणि दुपारी पेन पुन्हा उघडलं तेव्हा निबच्या चिरेत जांभळा चिकट डिंक बसला होता. एक टिंबसुद्धा उमटेना.

"काय घातलंस ह्यात?" तिने विचारलं.

कमलेश उंबऱ्यावरची धूळ झटकायला लागला.

"कमलेश, काय घातलंस?"

"तुझ्याच पिशवीत होती. शिक्क्याची."

अंगणवाडीच्या शिक्क्याच्या पॅडमध्ये घालायची शाई! पॅड महिनोन्महिने सुकू नये म्हणून मुद्दाम तशी केलेली शाई. रविनाचा आवाज फुटला तो शेजारच्या घरापर्यंत गेला.

"तुला सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून! तुझ्या न्हाणीचा पाइप हाय हा? जे दिसंल ते कोंबायचं? आधी त्यातनं थोडं तरी येत होतं, आता तेही बंद केलंस! तुला काय, सण झाला की तू ठाण्याला जाशील. नापास मी होणार हाय!"

"मी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलं असतंस तर निदान कारण तरी असतं!"

कमलेश उठला, चपला न घालताच बाहेर पडला आणि शेताकडे गेला. पुतळी दळण निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चांगलंच बोललीस. मीपण त्याच्या बापाला असंच बोलायची. ऐकला नाय कधी."

रविनाला रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला जास्त राग आला. तिने पेन उचलून माळ्यावर फेकायला हात वर केला. अंगठ्यातून कळ गेली आणि हात तसाच खाली आला. नीट फेकतासुद्धा येत नव्हतं.

ती मागच्या पडवीत जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने निब आणि तिच्याखालची काळी जीभ चिमट्यासारखी बोटं करून ओढून काढली, तीही डाव्या हाताने, दातांची मदत घेऊन. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. लहान मुलांच्या औषधाचा रबरी ड्रॉपर होता, त्याने ती प्रत्येक फटीतून पाणी सोडायला लागली. जांभळ्या दोऱ्या निघायच्या, पाणी रंगायचं, ते ओतायचं, पुन्हा नवं घ्यायचं. आता स्वच्छ झालं म्हणावं तर आणखी एक दोरी बाहेर यायची. जिभेच्या बारीक खाचांमध्ये किती शाई मावू शकते, ह्याला काही धरबंधच नव्हता. शेवटी तिने सगळं साध्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि सकाळी पाहिलं तर पाणी पुन्हा जांभळं. तिने तेही ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुपारपर्यंत पाणी पाण्यासारखं राहिलं.

तिने निब-जीभ बसवली, निळी शाई भरली, आणि लिहिलं. उभ्या रेघा आल्या. आडव्या आल्या नाहीत. खर्र खर्र तशीच.

म्हणजे आपण अख्खा दिवस घासून पेन पुन्हा तिथेच आणलं, जिथे ते पहिल्या दिवशी होतं! रविनाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पण डोकं धरल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आता आत घाण नाही, हे नक्की. फागीने सांगून झालं, चंदूने सांगून झालं, सासूने आणि नवऱ्याने सांगून झालं; निबकडे मात्र अजून कुणी धडपणे पाहिलंच नव्हतं. तिनेही नाही.

पाड्याच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी मोबाईलला रेंज येते. ती तिथे गेली. टाकीच्या सावलीत बसून तिने शोधून शोधून एका माणसाचा हिंदी व्हिडिओ काढला. तो मधेच अडकायचा, फिरत राहायचा, पुन्हा मागे जायचा. पण तिला हवं ते कळलं. निबच्या मधोमध चीर असते, त्या चिरेतून शाई टोकाला येते. टोकाशी दोन पाकळ्या एकमेकींना फार घट्ट चिकटल्या की शाई यायला वाटच राहत नाही. आणि एक पाकळी वर, एक खाली असली की कागद खरवडतो.

तिने निब उन्हाकडे धरून मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठी करून पाहिली. चिरेतून वरच्या अंगाला उजेडाची रेघ दिसत होती. टोकाजवळ ती संपत होती. आणि दोन पाकळ्या जोताला जुंपलेल्या ओढाळ बैलांसारख्या, एक वर मान करून, एक खाली घालून.

"अरे मेल्या," ती निबला म्हणाली. "असं हाय होय!"

आता करायचं काय तेही व्हिडिओत होतं. खालची पाकळी नखाने हळूच उचलायची. मग निब उताणी करून दोन्ही अंगठ्यांनी तिच्या दोन्ही बाजूंचे रुंद खांदे किंचित बाहेर ओढायचे. किंचित. जास्त ओढले तर चीर फाकते आणि मग निब फेकून द्यायची. सारा खेळ अंगठ्यांच्या जोराचा होता. आणि रविनाकडे तसा एकच अंगठा होता.

ती खाली उतरली. कमलेश अंगणात पाण्याचा पाइप गुंडाळत बसला होता. कालपासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. मुकादमाचे फोन येत होते आणि तो उचलत नव्हता.

"इकडं ये," ती म्हणाली. "हात धुऊन."

तो हात धुऊन आला. तिने त्याच्या हातात निब ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने निब उजेडात धरून पाहिली.

"वॉल्व बंद हाय म्हण की."

"काही म्हण. पण मी सांगेन तेवढंच करायचं. मी बस म्हटलं की बस."

"पक्कड आणू का बारीक?"

"कमलेश!"

"बरं, बरं."

ती मोबाईल धरून त्याच्या अगदी जवळ बसली, कॅमेऱ्यातून निबचं टोक दिसेल अशी. आधी पाकळी. त्याने नखाने उचलली. लोखंडी पाइपाचे आटे फिरवणाऱ्या त्या हातांना एवढं हलकं काही करायची सवय नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला.

"झाली का?"

"अजून खाली हाय. थोडी. थोडी रे! हां. बघू." तिने टोकावरून बोटाचं अग्र फिरवलं. "झाली सारखी. आता खांदे."

त्याने निब उताणी करून दोन्ही अंगठे लावले आणि श्वास रोखला. रविनाने पडद्यावर डोळे लावले. काळी चीर, टोकाशी मिटलेली.

"ओढ."

"ओढलं."

"काहीच झालं नाय. अजून."

"मोडंल गं."

"ओढ म्हणते ना. हां… बस! बस!"

त्याने चटका बसल्यासारखे हात काढून घेतले. पडद्यावर टोकापर्यंत उजेडाची एक केसाएवढी रेघ आली होती. दोघं ती रेघ बघत राहिली. पुतळीही कुतूहलाने येऊन वाकली आणि "मला तर काही दिसत नाय," म्हणून परत गेली.

पेन जोडून शाई भरली. रविनाने कागदावर टेकवलं. पहिली रेघ आली, मग डोक्यावरची आडवी आली, सलग, ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज नाही. तिने काहीतरी लिहायचं म्हणून कमलेशचं नाव लिहिलं, मग स्वतःचं, मग पाड्याचं, मग ग्रामीण समाजातील बदल.

"कुणाचं नाव पहिलं लिहिलंस?" कमलेशने विचारलं.

"गप बस," ती म्हणाली. पण तिने कागद त्याच्याकडे सरकवला.

परीक्षेच्या दिवशी ती पहिल्या जीपने जव्हारला पोचली. कॉलेजच्या वर्गात बाकावर पेन, शाईची बाटली, ड्रॉपर आणि जुन्या साडीचा चिंधा, अशी मांडामांड तिने केली तेव्हा पर्यवेक्षिका बाई येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय? बाटली कशाला?"

"शाईचं पेन हाय मॅडम. संपली तर भरायला."

"सांडली तर? शेजारच्यांचे पेपर खराब होतील. बॉलपेन नाही का तुमच्याकडे?"

सगळ्या जगाला तोच एक प्रश्न पडत होता. रविनाने अंगठा पुढे केला, दवाखान्याचा कागद दाखवला, बाटली खाली पायाशी ठेवण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे बाई पुढे गेल्या.

आणि लिहायला सुरुवात केल्यावर नवीनच प्रकार. पेन चाललं. चाललं कसलं, धावलं. घरच्या वहीचा कागद गुळगुळीत होता. उत्तरपत्रिकेचा कागद टीपकागदासारखा शाई पिऊ लागला. अक्षरं जाड झाली, आणि पान उलटून पाहिलं तर मागची बाजू निळ्या ठिपक्यांनी भरलेली. तिथे लिहिलं तर तपासणाऱ्याला दोन्ही बाजू एकदम वाचाव्या लागल्या असत्या. रविनाने दातावर दात दाबले. इतके दिवस शाई येत नाही म्हणून मरत होतो, आता येते म्हणून मरा! तिने एकच बाजू लिहायची असं ठरवलं. म्हणजे पुरवण्या लागणार. दर थोड्या वेळाने ती हात वर करायची आणि बाई कपाळाला आठी घालून यायच्या.

"अहो, एकाच बाजूला लिहिताय. कागद काय झाडाला लागतो?"

झाडाचाच होतो, असं उत्तर रविनाच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पुरवणी बांधली.

पण अंगठा शांत होता. पहिली दोन मोठी उत्तरं संपली तरी तो नुसता पेनाला टेकून होता, एखाद्या पाहुण्यासारखा. वाक्यामागून वाक्य सुचत होतं आणि हात मागे राहत नव्हता. कुपोषणावरच्या प्रश्नाला तर तिला पुस्तक आठवावंच लागलं नाही. खालच्या पाड्यावरची मुलं, आईबाप वीटभट्टीवर गेले की काट्यावर उतरणारं त्यांचं वजन, ती परत आल्यावर भरायला लागणारे महिने, सगळं तिने लिहून काढलं. त्या उत्तराच्या शेवटी शेवटी अंगठा ठणकायला लागला, तेव्हा तिने पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे धरलं आणि तसंच रेटलं.

शेवटच्या प्रश्नाच्या मधोमध शाई संपली. बाटली पायाशी होती. वाकून झाकण काढलं, ड्रॉपर भरला, अंगठा निसटला आणि एक टपोरा थेंब बरोबर प्रश्नक्रमांकावर पडला. चिंध्याने टिपला तर आकडाच टिपला गेला. तिने तो बाजूला पुन्हा लिहिला, भोवती गोल काढला, आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहिली. उत्तर पुरं झालं नाही. शेवटचं वाक्य 'म्हणून' ह्या शब्दावर राहिलं आणि बाईंनी पेपर ओढून घेतला.

बाहेर आली तर फाटकाजवळच्या झाडाखाली कमलेश उकिडवा बसला होता.

"तू ठाण्याला नाय गेलास?"

"उद्या जाईन. मुकादमाला सांगितलं, घरी एक लाइन चालू करायची हाय, टेस्टिंग बाकी हाय."

"शरम नाय तुला."

"चाललं का?"

तिने हात पुढे केला. बोटांपासून मनगटापर्यंत तो निळा झाला होता. "चाललं. जास्तच चाललं. कागदानं सगळी पिली."

"म्हणजे जास्त ओढलं मी," तो गंभीरपणे म्हणाला. "थोडं दाबून देऊ का परत?"

"हात लावशील तर बघ!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की फाटकातून बाहेर पडणारी माणसं वळून पाहायला लागली. मग तिलाच हसू आलं. तिथल्याच टपरीवर दोघांनी वडापाव खाल्ला आणि परतीच्या जीपमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पुढचे पेपर तिने एकटीने दिले, दर वेळी एकाच बाजूने लिहून आणि दर वेळी बाईंची बोलणी खाऊन.

निकाल लागला तेव्हा भाताची लावणी चालू होती. रविना टाकीपाशी छत्री धरून उभी राहिली आणि मोबाईलच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरताना पाहत राहिली. पान उघडलं. ती पास झाली होती. पहिल्या वर्गाला थोडे गुण कमी पडले होते, तो अर्धा राहिलेला प्रश्न असणार. मुख्य सेविकेच्या जागांची जाहिरात अजून निघालेली नव्हती, पण निघाली की अर्ज करायला आता तिला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

तिने तिथूनच ठाण्याला फोन लावला. मागे ड्रिल मशीनचा आवाज येत होता.

"झालं," ती म्हणाली. "पास."

पलीकडे कमलेश कुणाला तरी ओरडून सांगत होता, "ए, मशीन बंद कर! अरे, आपला पेन पास झाला!"

"पेन नाय रे!" रविना पावसात ओरडली. "मी! मी पास झालेय! पेनानं अभ्यास केला का?"

"तेच म्हणतोय मी…" आणि रेंज गेली.

तिने मोबाईल हवेत उंच धरला, टाकीभोवती एक फेरी मारली, पुन्हा लावला. लागला नाही. खालच्या खाचरात फागी आणि पुतळी कमरेत वाकून रोपं लावत होत्या. त्यांना सांगायचं राहिलं होतं. रविनाने छत्री मिटली आणि चिखलातून, जपून, खाली उतरायला सुरुवात केली.